श्रावणातले तीन दिवस

२०१२ सालच्या श्रावणात आमच्या गावानं तीन दिवस टीव्हीपुढं काढले. शुक्रवारी १० ऑगस्टला दहीहंडी होती. शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणून सरकारी कचेऱ्या बंद. त्याला लागून रविवार. पुण्या-मुंबईला असलेल्या पोरांनी एक दिवसाची रजा टाकली आणि तीन दिवसांसाठी गाव गाठलं. तिकडं लंडनला ऑलिंपिकचे शेवटचे तीन दिवस उरले होते आणि त्या तिन्ही दिवशी कुस्त्या होत्या.

शेतकऱ्याला सुट्टी दोनच वेळा मिळते. पाऊस धो धो लागला तर, नाहीतर तो आलाच नाही तर. त्या साली दुसरी गत होती. माण-खटावकडं तर दुष्काळानं माणसं आणि जनावरं मेटाकुटीला आलेली. आमचं गाव कराडच्या पूर्वेला, सदाशिवगडाच्या पलीकडल्या अंगाला. पश्चिमेला कृष्णा-कोयनेचं पाणी आणि उसाचे फड, आमच्याकडं खडकाळ माळ आणि विहिरीच्या तळाचं पाणी. भुईमूग, सोयाबीन वीतभर वाढून तिथंच खुंटलेलं. एक भांगलण उरकली होती. दुसरीला रानात तण सुद्धा नव्हतं. माणूस रानात जाऊन करणार काय? तोंड पाडून घरी बसायचं, त्यापेक्षा टीव्ही बरा.

त्या तीन दिवसांबद्दल लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या भागातल्या कुस्तीचा साठ वर्षांचा हिशेब त्या तीन दिवसांत आमच्या सोप्यात बसून झाला. हिशेब करणारे होते आमचे आबा, म्हणजे माझे वडील. तेव्हा त्यांचं वय ब्याऐंशी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. कान मात्र शाबूत, आणि कुस्तीच्या बाबतीत जीभही.

शुक्रवारी सकाळपासून मराठी बातम्यांच्या वाहिन्यांवर दहीहंडीशिवाय दुसरं काही नव्हतं. ठाणे, दादर, घाटकोपर. एक पथक चढायचं, सात थर लावायचं, पडायचं. मग दुसरं. त्या दिवशी ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थर लावले. ४३.७९ फूट उंची भरली आणि स्पेनमधल्या मनोऱ्यांचा जुना विक्रम मागं पडला. सोप्यात टाळ्या पडल्या. आबा म्हणाले, "वरच्या पोराला समदी बघत्यात. खालच्या थरातल्याचं खांदं बघा. ती पोरं तालमीतलीच असनार." खालची पोरं खरंच तशी दिसत होती, मान आणि खांदा एक झालेली.

त्याच दिवशी लंडनला नरसिंग यादवची कुस्ती होती. महाराष्ट्र केसरीची गदा मिळवलेला हा गडी आपलाच, म्हणून आशा होती. पहिल्याच कुस्तीत कॅनडाच्या पैलवानानं त्याला हरवलं. अमित कुमार हा हरियाणाचा कोवळा पोरगा होता. त्यानं इराणच्या पैलवानाला हरवून आशा लावली, पण पदकापर्यंत तोही पोचला नाही. शनिवारी दुपारी हॉकीचा शेवटचा सामना. दक्षिण आफ्रिकेनं आपल्याला ३-२ असं हरवलं आणि बारा संघांत आपण बारावे आलो. ज्या खेळानं एकेकाळी देशाला आठ सुवर्णपदकं दिली त्याची ही दशा. सोप्यातली माणसं एकेक करून उठून गेली. राहिलो मी, आबा आणि दोन-तीन म्हातारी माणसं.

आता आमच्या गावच्या तालमीबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मारुतीच्या देवळाला लागून दगडी बांधकामाची, कौलारू, एका दाराची आणि दोन झरोक्यांची ही तालीम. आत वीस फुटांचा हौदा. माती मळायला तांबडी माती, तेल, ताक, हळद आणि लिंबू. अशा तालमी आमच्या भागात गावोगाव होत्या. त्याचं मूळ कोल्हापुरात. शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, देशभरातून पैलवान बोलावून सांभाळले आणि १९१२ साली खासबाग मैदान बांधलं. त्या मैदानाची रचनाच अशी की कुठंही बसा, कुस्ती स्वच्छ दिसते. तिथं कुस्ती बघून आलेला माणूस गावात येऊन तालीम काढायचा. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात दर जत्रेला कुस्त्यांचा फड ठरलेला. लहान पोरांची रेवड्यांवरची कुस्ती, मग नारळावरची, मग पाच-दहा रुपयांच्या इनामाची, आणि दिवस मावळायला आला की शेवटची मोठी जोड. हलगी कडाडायची. पंच गावातलीच जुनी माणसं. फडाभोवती हजार माणूस बसलं तरी त्यातल्या आठशे जणांनी कधी ना कधी अंगाला माती लावलेली असायची. त्यामुळं डाव पडायच्या आधीच लोकांच्या तोंडून त्याचं नाव निघायचं.

अशा गावातून खाशाबा जाधव निघाले. गोळेश्वर कराडला लागूनच आहे, आमच्यापासून फार लांब नाही. १५ जानेवारी १९२६ चा त्यांचा जन्म. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. घरातच तालीम म्हणायची. खाशाबा अंगानं बारीक, पण चपळ. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, त्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर सारा जन्म मातीत गेलेला आणि तिथं पहिल्यांदा गादीवर पाय ठेवलेला. तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैशाची पुन्हा ओढाताण. गावोगाव वर्गणी झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. आज सात हजाराला कुणी विचारत नाही. त्या वेळी त्यात शिवार आलं असतं.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. रशियाच्या आणि जपानच्या पैलवानांकडून ते हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये जी विश्रांती मिळायला हवी ती त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडायला त्या वेळी जवळ कुणी नव्हतं, असं आमच्याकडं आजही सांगितलं जातं. जपानचा शोहाची इशी पहिला आला, खाशाबा तिसरे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं हे पहिलं पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं, ते टेनिसमध्ये लिअँडर पेसला.

खाशाबा परत आले तेव्हा कराडच्या स्टेशनापासून त्यांची मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या होत्या. एरवी पंधरा मिनिटांत सरणाऱ्या वाटेला सात तास लागले, असं गोळेश्वरची माणसं सांगतात. त्यातली एक गाडी आमची. माझ्या आज्याची गाडी, जुपलेली खिलारी जोडी, आणि कासरा धरलेले बावीस वर्षांचे आबा. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावलेलं, अंगावर झुली घातलेल्या. आबांनी ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की माझ्या पोरांनाही ती पाठ होती. पण प्रत्येक वेळी शेवटी ते एक वाक्य बोलायचे, "पदक समद्यांनी बघितलं. कुस्ती कुनीच न्हाई बघितली."

हे खरंच होतं. हेलसिंकीतली ती कुस्ती कराड तालुक्यातल्या एकाही माणसानं पाहिली नव्हती. पेपरात चार ओळी आल्या, तेवढ्यावरच सगळं. डाव कुठला लागला, पट निघाला की ढाक, अंगाखाली कोण गेलं, हे प्रत्येकानं आपापल्या मनानं रचलेलं. आबांनी ती कुस्ती मनात साठ वर्षं खेळवली. त्यांच्या मनातल्या कुस्तीत खाशाबा तांबड्या मातीत उभे असायचे, भोवती गर्दी आणि हलगी. गादी म्हणजे काय, हे त्यांना कळतच नव्हतं.

आबांनीही आमच्या तालमीत दहा वर्षं काढली होती. माझ्या लहानपणी तालमीत तीस-चाळीस पोरं असायची. पहाटे चारला वस्ताद दार वाजवत फिरायचे. मीही तीन-चार वर्षं जोर-बैठका काढल्या, दोन जत्रांत नारळ जिंकले. पुढं दहावी झाली आणि रानातलं काम मागं लागलं.

तालीम बंद कशी पडली, याचं एकच कारण सांगता येत नाही. पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात. घरोघर म्हशी असताना घरचं दूध घरात राहायचं. मग गावात दूध डेअरी आली. दुधाचे दर दहा दिवसाला रोख पैसे मिळायला लागले. त्या पैशात पोरांच्या फिया, बियाणं, दवाखाना निघायला लागला. अशा वेळी रोजचं चार लिटर दूध एका पोराच्या पोटात घालणं परवडेना. बाईमाणसांनी डेअरीत दूध घातलं म्हणून घरं उभी राहिली, हेही तितकंच खरं आहे. त्यात वस्ताद वारले. नवा वस्ताद मिळेना. ऐंशीच्या दशकात गावात टीव्ही आला आणि १९८७ च्या विश्वचषकाला सगळी पोरं एका घरासमोर गोळा झाली. दुसऱ्या दिवसापासून तालमीसमोरच्या पटांगणात स्टंप रोवलेले दिसायला लागले. क्रिकेटला खुराक लागत नाही, कान फुटत नाहीत, आणि बॅट एकानं आणली की बाराजण खेळतात. १९९५ च्या सुमाराला तालमीला कुलूप लागलं. पुढं तिथं गणपती मंडळाचं सामान, रेशनची पोती आणि ग्रामपंचायतीचे मोडके दिवे ठेवायला लागले.

२०१२ साली त्या जागेवर गाळे बांधायचा ठराव पुढं आला होता. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मंजूर व्हायचा होता. सहा गाळे, त्यांचं भाडं पंचायतीला. विरोध कुणाचाच नव्हता. आबा आजारीपणामुळं ग्रामसभेला जात नव्हते, पण ठराव त्यांच्या कानावर गेला होता. ते एवढंच म्हणाले, "हौदा बुजवायच्या आदी मारुतीला नारळ फोडा म्हनावं."

तर शनिवारची रात्र. आमच्याकडं त्या आठवड्यात शेतीच्या मोटारींना रात्री दहानंतर लाईट यायची. उरलंसुरलं पाणी भुईमुगाला द्यायचं म्हणून थोरला पोरगा विहिरीवर गेला होता. आम्ही टीव्हीपुढं. योगेश्वर दत्तनं संध्याकाळी पहिली कुस्ती जिंकली आणि दुसऱ्या कुस्तीत रशियाच्या कुदुखोवकडून हरला. सगळे म्हणाले, संपलं. पण रात्री तो पुन्हा गादीवर आला तेव्हा सोप्यात गोंधळ उडाला. हरलेला माणूस परत कसा? पुण्याहून आलेल्या पुतण्यानं समजावून सांगितलं, की ज्यानं तुम्हाला हरवलं तो शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचला, तर त्याच्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी आणखी एक संधी मिळते. रशियाचा गडी तिथवर पोचला होता. आबांना हा नियम फार आवडला. म्हणाले, "हे बराबर हाय. चांगल्या गड्याकडनं हरलेला आनि फुसक्याकडनं हरलेला एकच कसा?"

दुसरा एक नियम मात्र त्यांना मुळीच पटला नाही. तेव्हा कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची होती. दोन फेऱ्या जिंकेल तो विजयी. फेरीत दोघांनाही गुण मिळाला नाही तर रंगीत चेंडू काढायचा. ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्यानं दुसऱ्याचा पाय धरून सुरुवात करायची. आबा म्हणाले, "ह्ये काय लॉटरीचं तिकीट हाय व्हय?" आमच्या फडात तास-तासभर खडाखडी चालायची, नाहीतर पंच बरोबरीत सोडवायचे. पाय कुणी धरून द्यायचा नाही, तो काढायचा.

योगेश्वरचा एक डोळा सुजून मिटलेला. तशात त्यानं पोर्टो रिकोचा पैलवान हरवला, मग इराणचा. कांस्यपदकाची कुस्ती उत्तर कोरियाच्या री जाँग-म्याँगशी. पहिली फेरी गेली, दुसरी मिळाली. तिसऱ्या फेरीत योगेश्वरनं समोरच्याला पालथा पाडला, त्याचे दोन्ही घोटे एकमेकांत अडकवून धरले आणि पोळी लाटावी तसा त्याला फिरवत सुटला. एक, दोन, तीन वेळा. मिनिटभरात सहा गुण आणि कुस्ती संपली. आबांना टीव्ही नीट दिसत नव्हता. ते खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले, नाक लागेल इतके जवळ. मी त्यांना सांगत होतो, पाय धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. ते म्हणाले, "तू सांगू नगंस. मला दिसतंय." आवाज ऐकून शेजारपाजारची माणसं पुन्हा आली. विहिरीवरून पोराचा फोन आला, काय झालं म्हणून. मोटार चालू ठेवून तोही बांधावर उभा राहून मोबाईलवरच ऐकत होता.

रविवारी सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्ही अंगणातल्या ओट्यावर आणून ठेवला. कुस्ती सुशील कुमारची. त्याचे गुरू सतपाल. हे नाव आमच्या पिढीला नवीन नव्हतं. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या मैदानांत सतपाल कितीदा तरी उतरले होते. १९७७ साली बेळगावला आपल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी त्यांना हरवलं, त्याची चर्चा आमच्या तालमीत वर्षभर चालली होती. पुढं १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सतपालनी सुवर्णपदक मिळवलं. नंतर त्यांनी दिल्लीत छत्रसाल स्टेडियमवर पोरं घडवायला घेतली. पहाटेची तालीम, गादी, राहायची-खायची सोय, सगळं एका जागी. सुशील आणि योगेश्वर दोघेही त्याच तालमीतले. ओट्यावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आपल्या मैदानात खेळून गेलेला गडी तिकडं पोरं तयार करतो आणि आपण इथं गाळं बांधतोय." त्यावर कुणी काही बोललं नाही.

सुशीलनं पहिल्या कुस्तीत तुर्कस्तानच्या रमझान साहीनला हरवलं. साहीन आधीच्या ऑलिंपिकचा विजेता. मग उझबेकिस्तानचा पैलवान, मग कझाकस्तानचा. ती कझाकस्तानची कुस्ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली आणि सुशीलनं समोरच्याला अंगावर उचलून घेऊन निकाल लावला. अंगण उठून उभं राहिलं. बायकाही ओसरीवर आल्या होत्या. चार दिवसांपूर्वी मेरी कोमला पदक मिळाल्यापासून माझ्या सुनेला ऑलिंपिकचं सगळं वेळापत्रक तोंडपाठ होतं. कुणाची कुस्ती किती वाजता, हे आम्ही तिलाच विचारायचो.

शेवटची कुस्ती जपानच्या तात्सुहिरो योनेमित्सुशी. सुशीलच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. पोट बिघडलं होतं, असं नंतर कळलं. पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीत जपानच्या गड्यानं त्याला उचलला आणि तिथंच कुस्ती गेली. रौप्यपदक मिळालं. २००८ ला बीजिंगमध्ये त्यानं कांस्य मिळवलं होतं. खाशाबांनंतर कुस्तीतलं ते पहिलं पदक, छप्पन्न वर्षांनी आलेलं. आता दुसरं. स्वतंत्र भारताकडून वैयक्तिक खेळात दोन ऑलिंपिक पदकं मिळवणारा तो पहिला. त्याचं पुढं काय झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. मी त्या संध्याकाळचं लिहितोय.

कुस्ती संपल्यावर पोरं फटाके आणायला पळाली. आबा गप्प बसले होते. मग मला म्हणाले, "तवाबी जपानीच आडवा आला हुता." मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं. हेलसिंकीत इशी, लंडनला योनेमित्सु. साठ वर्षांनी पुन्हा तेच. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "खाशाबा असल्याच गादीवर खेळला व्हय?" मी म्हणालो, असलीच असणार, फक्त तेव्हाची इतकी चांगली नसेल. ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. तिथं आता कुस्ती नव्हती, जाहिराती चालू होत्या. म्हणाले, "माती न्हाई, पाय रोवायला जागा न्हाई. त्यात त्यो बारका गडी. आनि तरी तिसरा आला." साठ वर्षं मनात खेळवलेली कुस्ती त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जागेवर दिसली, असं मला वाटतं. खाशाबा त्यांच्यासाठी आणखी मोठे झाले.

मंगळवारी १४ ऑगस्ट. १९८४ साली याच तारखेला खाशाबा अपघातात गेले. पदक मिळवूनही त्यांना पोलिसात फौजदार म्हणून नोकरी मिळाली ती १९५५ साली, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव २०१० ला मिळालं. दरवर्षी या तारखेला आबा घरीच खाशाबांच्या पेपरातल्या फोटोला हार घालायचे. त्या मंगळवारी त्यांनी हार तालमीच्या दाराला घालायला लावला. कुलपाला.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर ते ग्रामसभेला गेले. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. गाळ्यांचा विषय निघाला तेव्हा उठून म्हणाले, "गाळं पायजेत. माझं म्हननं न्हाई नगंत. पन ते स्टँडाजवळ बांधा, तितं गिऱ्हाईक हाय. मारुतीपशी कोन मिरच्या घ्यायला येनार?" सगळे हसले. मग ते म्हणाले, "तीन दिस समदं गाव टीव्हीला चिकटलं हुतं. त्यातल्या किती जनांनी पोराला इचारलं, तुला खेळायचं का? बगनारं झालो आपन समदी. फडात पूर्वी बगनारा बी खेळलेला असायचा, म्हनून त्याच्या टाळीला किंमत हुती." एवढं बोलून ते बसले. तरुण पोरांनी आधीच आपसात ठरवलं असावं. चार-पाच जण उठले आणि तालीम राहू द्या म्हणाले. ठराव बदलला. गाळे स्टँडाजवळ, तालीम आहे तिथं.

इथं गोष्ट संपली असती तर फार गोड झाली असती. पहिल्या महिन्यात तालमीत एकतीस पोरं आली. दिवाळीपर्यंत नऊ उरली. वस्ताद म्हणून शेजारच्या गावातले एक निवृत्त फौजी यायला तयार झाले, त्यांना पेट्रोलचे पैसे देणंही जड जायचं. आणि १२ फेब्रुवारी २०१३ ला बातमी आली की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२० पासून कुस्ती वगळायची शिफारस केलीय. ज्या खेळाला टाळ्या वाजवून सहा महिने झाले नव्हते, तोच काढून टाकणार! पोरं विचारायला लागली, आता कशाला घाम गाळायचा? वस्ताद म्हणाले, "आपल्या जत्रेला ऑलिंपिकची परवानगी लागती का?" ८ सप्टेंबर २०१३ ला ब्युनोस आयर्सच्या बैठकीत कुस्ती पुन्हा घेतली. नियमही बदलले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या, गुण एकत्र मोजायला लागले आणि चेंडूची लॉटरी गेली. आबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "माझं ऐकलं म्हनायचं." त्यानंतर दीड वर्षानं ते गेले.

पुढं आम्ही वर्गणी काढून जुनी गादी विकत घेतली. ती तालमीत मावेना, म्हणून शेजारी पत्र्याचं शेड मारलं. त्याचा एक फायदा असा झाला की मुलींचा प्रश्न सुटला. मारुतीच्या तालमीत बाईनं पाय ठेवायचा नाही, ही जुनी चाल. त्यावर भांडत बसण्यापेक्षा मुली शेडमध्ये गादीवर खेळायला लागल्या. २०१६ ला रिओमध्ये साक्षी मलिकला कांस्यपदक मिळालं आणि त्या वर्षी गावातल्या तीन मुलींची नावं घातली गेली. त्यात माझी नात होती. तिच्या आईनं वेळापत्रक पाठ केलेलं वाया गेलं नाही.

टीव्हीनं आमची तालीम मोडली की वाचवली, असं मला पुष्कळ जण विचारतात. पोरं क्रिकेटकडं गेली ती टीव्हीमुळं, आणि कुलूप निघालं तेही टीव्हीमुळं. पण तीन दिवसांची गर्दी तीन महिनेही टिकत नाही, हे आम्ही बघितलं. तालीम टिकते ती पहाटे दार उघडणाऱ्या माणसावर, आणि डेअरीत घालायच्या दुधातून अर्धा लिटर मागं ठेवणाऱ्या आईवर. हरियाणानं पदकं मिळवली ती याच्यामुळं. पोराचा खुराक, गादी, शिकवणारा आणि पुढची नोकरी, हे सगळं तिथं एका रांगेत आलं. आमच्याकडं एकट्या खर्डेकर सरांना घर गहाण ठेवावं लागलं होतं.

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. तेही आम्ही टीव्हीवर बघितलं, शेडमध्ये गादीवर बसून, पोरं आणि मुली सगळ्यांनी मिळून. कुस्तीतलं पदक अजून यायचंय.

सध्या तालमीत चौदा पोरं आहेत आणि शेडमध्ये सहा मुली. त्यातली किती टिकतील हे आत्ता सांगता येत नाही. दर गुढीपाडव्याला हौद्यातली माती उकरून नव्यानं मळतो. तेल आणि ताक घरोघरचं येतं, लिंबं आमच्या झाडाची असतात.